मुद्देमाल : पांढरा कांदा, नग एक

नागपुरात मे महिन्यात माणूस मेला की लोक म्हणतात, ऊन लागलं. ही समजूत अशास्त्रीय आहे. ऊन सगळ्या शहराला सारखंच लागतं. मरतो मात्र एखादाच. तेव्हा त्या एखाद्याच्या बाबतीत कोणीतरी काहीतरी केलेलं असलं पाहिजे, किंवा करायचं ते केलेलं नसलं पाहिजे, हे उघड आहे. त्या कोणीतरीला हुडकून काढण्यासाठीच सरकारने पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांची सोय केली आहे, आणि ही सोय उन्हाळ्यातही चालू असते (न्यायाधीशांची सुट्टी वगळून).

सन १९७४च्या मे महिन्यात मारोतराव बारापात्रे हे एक्केचाळीस वर्षांचे गृहस्थ भर दुपारी वारले. इतवारीतल्या एका दुकानात ते गजाने कापड मोजून देत. दुपारी घरी जेवून ते सायकलवर परत निघाले, वाटेत उसाच्या रसाच्या दुकानासमोर उतरले, बाकावर बसले, "बर्फ कमी" एवढं म्हणाले, आणि रस यायच्या आत गेले. सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं की मृत्यू ऊन लागून किंवा हृदय थांबून झाला असावा. (हृदय थांबलं होतं, याबद्दल पुढे कोणत्याच पक्षाने वाद घातला नाही.)

रसाच्या दुकानाला लागून धोंडबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टीन, एक पाण्याचं घमेलं आणि एक हवेचा पंप. हेडकॉन्स्टेबल रामाजी पंचनाम्याला आले तेव्हा धोंडबा एका ट्यूबचं पंक्चर शोधत होता, म्हणून त्याला पंच करण्यात आलं. पंच म्हणजे असा इज्जतदार इसम, जो घटनेच्या सगळ्यात जवळ असतो आणि ज्याला वेळेवर पळता आलेलं नसतं.

धोंडबाला ही इज्जत मोठी वाटली. तो प्रौढांच्या वर्गात सही शिकला होता आणि आयुष्यात तोवर दोनदाच ती केली होती, एकदा रेशनकार्डावर आणि एकदा पोराच्या शाळेत. तिसरी सही पंचनाम्यावर झाली. ज्या कागदावर आपली सही आहे त्यात खोटं असूच शकत नाही, असं त्याला मनापासून वाटत असे. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरही एवढा विश्वास नव्हता.

पंचनाम्यात मयताच्या अंगावरच्या वस्तू लिहिल्या होत्या : रुमाल एक, कंगवा एक, पेन्सिल एक, पानाची पुडी एक, सायकलची किल्ली एक. तिसऱ्या दिवशी हे गाठोडं घरी पोचलं. मारोतरावांची थोरली बहीण यमुताई हिने ते उघडलं. यमुताईने या भावाला आई मेल्यावर कडेवर वाढवला होता, आणि दोन दिवस तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता. तिने एकेक वस्तू हाताने चाचपली, गाठोडं झटकलं, उलटं केलं, आणि भरल्या घरात विचारलं, "माझ्या भावाच्या खिशातला कांदा कुठं हाये?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : या भागात उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या माणसाच्या खिशात घरची बाई एक पांढरा कांदा ठेवते. ऊन कांद्याला लागतं, माणूस सुटतो. हे कसं घडतं ते कांद्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण म्हणून कोणी कांदा ठेवायचा थांबत नाही.

मारोतरावांची बायको जयवंता आठ महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "ठेवला होता, अक्का. मी माझ्या हातानं ठेवला होता."

"मंग गेला कुठं?"

हाच प्रश्न यमुताईने पोलीस चौकीवर नेला. पोलिसांनी नोंद केली की आरोपी समाधानकारक खुलासा देऊ शकली नाही. 'आरोपी' हा शब्द या नोंदीत पहिल्यांदा आला आणि मग तो जयवंताच्या नावाला असा चिकटला, की त्यांच्या वस्तीतल्या, चिंचपुऱ्यातल्या बायका तिच्या लेकीला 'आरोपीची तारा' म्हणू लागल्या.

खटला पुढच्या एप्रिलात उभा राहिला. ऋतू जुळल्याशिवाय असला पुरावा नीट समजत नाही. आरोप होता खुनाचा : कांदा हेतुपुरस्सर न ठेवून पतीस उन्हाच्या स्वाधीन केलं. शिक्षा फाशी, किंवा न्यायाधीशांना दया आली तर जन्मठेप. तारा तोवर दीड वर्षाची झाली होती आणि तुरुंगातच चालायला शिकली होती. ती किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज ऐकल्याशिवाय झोपत नसे, आणि पहाऱ्यावरची बाई रोज संध्याकाळी तिच्यासाठी जुडगा वाजवीत असे. सरकारी वकिलांनी ही गोष्टही कोर्टाच्या नजरेस आणली. ते म्हणाले, मूल तुरुंगात इतकं रमतं, यातच सर्व काही आलं.

डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार या खटल्यात एकही नव्हता. न ठेवलेला कांदा कोणाला दिसणार? म्हणून सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर होती. हा पुरावा साक्षीदारापेक्षा केव्हाही चांगला. साक्षीदार फितूर होतो, आजारी पडतो, भत्ता मागतो. परिस्थिती निमूट उभी राहते आणि वकील म्हणतील तिकडे तोंड करते. सरकारी वकिलांनी ज्या परिस्थिती मांडल्या त्या येणेप्रमाणे.

पहिली. आरोपीच्या टोपलीत झडतीच्या वेळी नऊ कांदे मिळाले. म्हणजे कांद्याची टंचाई नव्हती. (आरोपीच्या वकिलांनी विचारलं, एकही मिळाला नसता तर? सरकारी वकील म्हणाले, तर तिने कांदे आणलेच नाहीत असं ठरलं असतं, आणि ते अधिक गंभीर होतं.)

दुसरी. घटनेच्या तीन दिवस आधी आरोपीने हिरव्या काचेच्या दोन डझन बांगड्या भरल्या. सण नाही, लग्न नाही, माहेरी जाणं नाही. शेजारीण सिंधूताई हिने शपथेवर सांगितलं की बांगड्या भरल्यावर आरोपी दारात उभी राहून हात हलवून त्यांचा आवाज ऐकत होती आणि हसत होती. नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई कशाला बांगड्या भरेल, असा बचाव झाला. सरकारी वकिलांनी तो मान्य केला आणि ते म्हणाले, हीच तर तिची हुशारी.

तिसरी. त्या दिवशी घरात पिठलं होतं आणि त्यात कांदा नव्हता.

चौथी. पोलीस दारात आले तेव्हा त्यांनी तोंड उघडण्याआधीच आरोपी रडू लागली. काय झालं आहे हे तिला आधी कसं कळलं?

पाचवी. प्रेत घरी आलं तेव्हा आरोपी मुलीला अंगावर पाजत होती. सरकारी वकील इथे थांबले, पाणी प्याले आणि म्हणाले, या परिस्थितीवर मला भाष्य करवत नाही. ते मग वीस मिनिटं भाष्य करत होते.

आरोपीच्या वकिलांना सरकारने नेमलं होतं आणि त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात एका विहिरीचा दावा होता. तरी त्यांनी एक धाडसी मुद्दा काढला. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे तरी सिद्ध झालं आहे का?

न्यायाधीशांनी नकळत कोटाचा डावा खिसा चाचपला. तो फुगलेला होता. मग त्यांनी असा हुकूम दिला की ही गोष्ट सर्वश्रुत असल्याने वेगळ्या पुराव्याची गरज नाही, तरी खातरजमा म्हणून हजर असलेल्यांचे खिसे पाहावेत. जमादाराने मोजदाद केली. एकूण पुरुष अठ्ठावन्न, कांदे सत्तेचाळीस. उरलेल्या अकरांपैकी पाच अविवाहित, तिघं विधुर, एक पुण्याहून आलेला, आणि एकाचं सकाळी घरी भांडण झालेलं. अकरावे स्वतः आरोपीचे वकील. त्यांच्या पुढच्या युक्तिवादाचं वजन त्यानंतर आपोआपच कमी झालं.

धोंडबाची साक्ष त्या दिवशी सगळ्यात सोपी होती. पंचनामा त्याला वाचून दाखवला. सही तुझी का? माझी. यात कांदा आहे का? नाही. खाली जा. वर्षभर तो हेच सांगत आला होता. चहाच्या टपरीवर, गिऱ्हाइकाच्या सायकलीत हवा भरताना, विचारेल त्याला. कागदात नाही म्हणजे नव्हता.

खाली उतरताना त्याच्या धोतराला काहीतरी अडलं. आरोपीच्या बाकाजवळून तारा चालत आली होती आणि तिने त्याचा सोगा धरला होता. त्याच्या कमरेला दुकानाच्या किल्लीचा गोफ होता, त्यातली किल्ली तिला वाजवून पाहायची होती. जयवंता उठली, पण शिपायाने तिला बसवलं, म्हणून धोंडबानेच पोरीला उचललं आणि नेऊन दिलं. जयवंताने मान वर केली नाही. "लय हलकी हाये," एवढंच तो म्हणाला, आणि आपण आरोपीशी बोललो हे ध्यानात येऊन घाबरला.

संध्याकाळी घरी तो जेवायला बसला. बायको कांताबाईने ताटाजवळ कांदा ठेवला, त्यावर बुक्की मारली, कांद्याची दोन शकलं झाली. तिने विचारलं, का झालं कोर्टात. त्याने सांगितलं, काही नाही, कांदा नव्हता म्हणून सांगितलं. कांताबाई म्हणाली, कांद्याचं नाव काढू नका, मागच्या साली त्याच कांद्यावरून तुमी मले टोमणा मारला होता.

टोमणा कसला, ते धोंडबाला आठवेना. कांताबाईला आठवत होतं. बायकांच्या या दप्तरात कागद नसतो, पण काही गहाळही होत नाही. ज्या दिवशी मारोतराव वारले त्या दिवशी घरात कांदे संपले होते आणि तिने धोंडबाच्या फडक्यात झुणका, भाकर आणि नुसत्या मिरच्या बांधल्या होत्या. संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "आजचा कांदा गोड होता वं." तिला वाटलं, हा आपल्याला टोचून बोलतो आहे. ती दोन दिवस बोलली नव्हती.

"अजी, मी तुमाले कांदा देल्लाच नव्हता," कांताबाई म्हणाली. "मंग तुमी खाल्ला कोनाचा?"

धोंडबाने घास परत ताटात ठेवला, आणि त्याला आठवलं.

तो बाक. बाकाच्या एका टोकाला चादरीखाली मारोतराव, दुसऱ्या टोकाला रामाजींनी खिशातून काढून मांडलेल्या वस्तू. फोटोवाला दीड तास आला नाही. रामाजी म्हणाले, भूक लागली गा. धोंडबाने फडकं सोडलं ते त्याच बाकावर, वस्तूंच्या शेजारी, सावली तेवढीच होती म्हणून. तिथे एक कांदा होता. भाकरीशेजारी कांदा दिसला तर तो कोणाचा, असं या भागात कोणी विचारत नाही. रामाजींनी बुक्कीने तो फोडला. अर्धा पोलिसांनी खाल्ला, अर्धा पंचाने. मग हात पुसून दोघांनी उरलेल्या वस्तूंची काळजीपूर्वक यादी केली.

सकाळी कोर्टाच्या आधी तो रामाजींच्या क्वार्टरवर गेला. रामाजी दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वस्तरा पुसला आणि म्हणाले, "हे पाय धोंडबा, तो कांदा आपन पोलीस आन पंच म्हनून नाई खाल्ला. भुकेला मानूस म्हनून खाल्ला. भुकेची नोंद पंचनाम्यात नसते गा."

"बाई फासावर जाईन ना, हवालदारसाहेब."

"आन मी पेन्शनीवर जातो दोन सालानं. तू सांगशीन तं मी म्हनीन, मले आठवत नाई. मंग तू एकटाच राह्यशीन मेल्या मानसाचा कांदा खानारा. कांताबाई वाढन का तुले?"

"तिनंच तं सांगतलं," धोंडबा म्हणाला.

रामाजींनी आरशात पाहून उरलेला अर्धा गाल खरवडला.

धोंडबाला भीती वाटत नव्हती असं नाही. त्याचा सगळ्यात मोठा खेद वेगळाच होता : आपली सही खोट्या कागदावर आहे. कोर्टाकडे निघताना त्याने दुकान उघडून एका मोडक्या सायकलची घंटी काढली, रॉकेलने पुसली, तेल दिलं आणि खिशात टाकली. पोरीला किल्लीचा गोफ दिला तर दुकान कसं उघडणार, म्हणून.

त्या दिवशी निकालाआधीचे शेवटचे युक्तिवाद होते. न्यायाधीशांना परवापासून सुट्टी होती. धोंडबा मागून उभा राहिला आणि म्हणाला की त्याला काल सांगितलेलं दुरुस्त करायचं आहे. त्याला पुन्हा शपथ दिली. त्याने सगळं सांगितलं, बाक, फडकं, बुक्की, अर्धा अर्धा. कांदा पांढरा होता आणि गोड होता, हेही सांगितलं. मागे यमुताई बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. वर्षभरात ती पहिल्यांदा रडली. ती म्हणत होती, "ठेवला होता वं तिनं, ठेवला होता." जयवंता मात्र रडली नाही. ती धोंडबाकडे नुसती पाहत राहिली, आणि तारा तिच्या मांडीवरून घसरून साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे गेली. धोंडबाने खिशातून घंटी काढून तिला दिली. पोरीने वाजवली. न्यायाधीश दचकले.

रामाजींना विचारण्यात आलं. रामाजींनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, साहेब, जेवलो एवढं आठवतं. काय जेवलो ते आठवत नाही.

आता न्यायाधीशांपुढे मोठा पेच पडला. कांदा खिशात होता आणि तरी माणूस उन्हाने मेला, असं मानलं तर सत्तेचाळीस कांदे निरुपयोगी ठरतात. शहरातल्या हजारो बायकांची सकाळची खटपट, पुरुषांचे फुगलेले खिसे, कोटाला येणारा वास, सगळंच वाया. एका बाईच्या सुटकेसाठी एवढी उलथापालथ कोणतंही जबाबदार न्यायालय करणार नाही. त्यांनी अर्धा तास खोलीत विचार केला आणि निकाल सांगितला. तो असा.

कांदा खिशात असता माणूस उन्हाने मरत नाही. याची न्यायालयाने आधीच दखल घेतली आहे. मयत उन्हाने मेला. म्हणून मरतेवेळी कांदा खिशात नव्हता. परंतु आरोपीने तो ठेवला होता, हे पंच शपथेवर सांगतो. म्हणून तो घरातून निघाल्यानंतर आणि मरण्याच्या आधी काढला गेला. कोणी काढला, हे शोधायला लांब जायला नको, कारण तो कोणाच्या पोटात गेला हे पंच स्वतःच कबूल करतो. सबब आरोपी जयवंता निर्दोष. पंच धोंडबा यास ताब्यात घ्यावं.

"पन साहेब," धोंडबा म्हणाला, "तो मेल्यावर खाल्ला जी आमी."

न्यायाधीश दयाळू होते. त्यांनी त्याला समजावून सांगितलं, "अरे, कांदा तोपर्यंत खिशात असता, तर तो मेलाच नसता."

सरकारी वकिलांनी तिथेच उभ्या उभ्या नवी परिस्थिती मांडली. आरोपीचं दुकान घटनास्थळापासून दहा पावलांवर. त्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला कांदा दिला नव्हता, म्हणजे त्याला कांद्याची गरज होती. एका वर्षाने स्वतःहून कबुली, म्हणजे मनाची टोचणी. आणि सगळ्यात शेवटी, मयताच्या मुलीला भर कोर्टात घंटी दिली. निष्पाप माणूस खिशात सायकलची घंटी घेऊन फिरतो का? साखळी पूर्ण झाली होती. रामाजींनी धोंडबाला हात धरून बाहेर नेलं. नियमाप्रमाणे त्याच्या खिशातल्या वस्तू काढून यादी केली, आणि या वेळी कांदा सगळ्यात वर लिहिला.

बाहेर व्हरांड्यात कांताबाई उभी होती. जयवंता तिच्यापाशी आली. कांताबाईच्या हातात नवऱ्याच्या जेवणाचं फडकं होतं. जयवंताने ते घेतलं आणि कोठडीच्या गजांमधून धोंडबाच्या हातात दिलं. तिचे हात कोपरापर्यंत मोकळे होते. तारा तिच्या कडेवर होती आणि घंटी वाजवता वाजवता तिची मान कलली. "झोपली ना," धोंडबा आतून म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं, आणि सरकारी वकिलांनी तेही टिपून घेतलं.

धोंडबाचा खटला सुट्टीनंतर उभा राहणार आहे. वाचकांना अर्थातच तो निर्दोष वाटतो. जयवंताही वाटली होतीच, सुरुवातीपासून. तेव्हा एकच किरकोळ बाब सांगून संपवायला हरकत नाही, कारण ती कोर्टाच्या कागदांत आलेली नाही. ताराला तेव्हा दात येत होते आणि ती दिवसचे दिवस रडायची. बांगड्यांची किणकिण कानावर पडली की ती निजायची. जयवंताच्या हातात फुटून दोन-दोनच उरल्या होत्या, त्यांचा आवाज येईना. मारोतरावच म्हणाले, "घे वं भरून दोन डझन, पोट्टी झोपते तरी." तीन दिवस पोरगी झोपली. चौथ्या दिवशी त्या बांगड्या रीतीप्रमाणे दगडावर फोडल्या.

बांगड्या का भरल्या, हे जयवंताला ना पोलिसांनी विचारलं, ना वकिलांनी, ना न्यायाधीशांनी. त्यांचं सोडा, त्यांना सुट्टी गाठायची होती. तुम्हाला कसली घाई होती? दुसऱ्या परिस्थितीपाशी, ती दारात हात हलवून हसत होती तिथे, तुम्ही क्षणभर थांबलात आणि मनातल्या मनात फक्त म्हणालात, हं.